एकहाती

मिस्त्री गाडी विकायला तयार झाला तो एकाच अटीवर. आतलं सगळं शिवणकाम त्याच्या बायकोचं आहे, हे घेणाऱ्याला सांगायचं. ती जाऊन वर्ष होत आलं होतं आणि तिच्याशिवाय त्या गाडीत बसवत नव्हतं. मुलगा म्हणाला, "सांगू की, बाबा." तेव्हा कुठे किल्ली त्याच्या हातात पडली.

गिऱ्हाईक आलं ते सुटाबुटात. गाडीही तशीच तोलामोलाची. लांबलचक काळं नाक, पुढे आरशासारखी लखलखती जाळी. एकेकाळी बड्या लोकांखेरीज तिच्यात कोणी पाय ठेवला नसेल. मिस्त्रीने भंगारातून आणली तेव्हा मात्र सीटमध्ये उंदरांचा संसार होता.

गिऱ्हाइकाने पुढच्या लांब सीटवर बसून तांबड्या चामड्यावरून हात फिरवला. "शिलाई झकास आहे. कुणाची?"

मिस्त्री तोंड उघडणार, तोच मुलगा म्हणाला, "सगळं बाबांचंच. जाहिरातीत लिहिलंय ना साहेब, एकहाती उभी केलेली गाडी."

मिस्त्रीने त्याला दंडाला धरून बाजूला नेलं. "एकहाती? मग तुझ्या आईचे हात कुठे गेले?"

"हळू बोला. आईने घरी शिवलं म्हटलं की घरगुती वाटतं. भाव पडतो. एका शब्दाने काय बिघडतं?"

"घरगुती."

मिस्त्रीचं डोकं तापलं. चामड्यात मशीनची सुई मोडायची, मग ती दाभण घेऊन बसायची. बोटांना घट्टे पडले होते. छताचं अस्तर लावताना गाडीत उताणी पडून, तोंडात टाचण्या धरून वर त्यालाच दम द्यायची, "तुमचं इंजिन झाकलेलं असतं, कसंही खपेल. माझं काम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे." तेव्हा हाच मुलगा नाक मुरडायचा, घरभर चामड्याचा वास येतो म्हणून. आणि आता आयत्या पिठावर रेघोट्या ओढत होता.

मिस्त्रीने पाना उचलला. "साहेब, उतरा जरा."

"बाबा, काय करताय?"

"तुझा शब्द खरा करतोय." तो सीटखाली वाकला. "माझं आहे ते वीक. इंजिन, ब्रेक, चाकं. तिचं मी विकायला काढलेलं नाही."

बोल्ट त्यानेच ग्रीस लावून बसवले होते. सरसर निघाले.

"अहो, मग बसायचं कशावर?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"एकहाती उभी केलेली गाडी आहे, साहेब. उभ्यानेच चालवा."

गिऱ्हाईक चालतं झालं. मिस्त्रीने सीट ओढली. एक टोक दाराबाहेर आलं, दुसरं आत अडकलं. पुन्हा ओढली. कंबरेत कळ आली, सीट हलेना. मुलगा खाली मान घालून उभा होता.

"बघतोस काय?" मिस्त्री ओरडला. "धर तिकडून. ही एकहाती उचलत नाही."