जस्ताच्या बाटलीतला मोरचूद

मी मोरचूद बोलतोय, भंडाऱ्याच्या एका कॉलेजातल्या रसायनशाळेच्या कपाटातून. पुस्तकात मला कॉपर सल्फेट म्हणतात. माझ्या बाटलीवरची चिठ्ठी मात्र वाचू नका, तिच्यावर झिंक सल्फेट लिहिलंय. झिंक म्हणजे जस्त. चिठ्ठीवर डोळे मिटून विश्वास ठेवणारी माणसं बघून बघून मला वीट आलाय, म्हणून आज तोंड उघडलं.

इथे आलो तेव्हा मी निळाशार होतो. पोरं माझ्याकडे बघायची ती फक्त रंग पाठ करायला. निळा म्हणजे तांबं, हिरवा म्हणजे निकेल, गुलाबी म्हणजे कोबाल्ट. परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळी कपाटासमोर येऊन उभी राहायची आणि ओठ हलवायची. दुसऱ्या दिवशी ओळखायला दिलेल्या पुडीतला क्षार नुसता डोळ्यांनी बघायचा आणि पाठ केलेला तक्ता लिहून मोकळं व्हायचं. 'तापवले, वायू निघाला नाही' असं लिहिणाऱ्याचा दिवा पेटलेलाच नसायचा! आणि ही म्हणे शास्त्राची पोरं.

त्यांना शिकवणारे केशवराव सरही त्यातलेच. आसगावची सत्यभामा नावाची मुलगी बारावीला होती. तिच्या घरी बैलांच्या खुरांना जखम झाली की मोरचूद तव्यावर फुलवून लावायचे. तिनं वर्गात उठून विचारलं, तव्यावर मोरचूद पांढरा होतो आणि पाणी लागलं की पुन्हा निळा होतो, तो काहून? सर म्हणाले, परीक्षेत येत नाही, खाली बस. वर्ग हसला. सर्वांत मोठ्यानं हसला तो इश्वर, ज्याला संयुजा म्हणजे काय ते मेला तरी कळणार नव्हतं.

आता उत्तर मीच देतो. माझ्यातलं तांबं पाण्याचे रेणू स्वतःला घट्ट बांधून ठेवतं. ते बंध असले की तांब्याचे इलेक्ट्रॉन उजेडातला तांबडा भाग खाऊन टाकतात आणि तुमच्या डोळ्यांना उरतो तो निळा. तापवलं की बंध तुटतात, पाणी जातं, त्याच्याबरोबर निळाई जाते. जस्ताच्या इलेक्ट्रॉनांची घरं काठोकाठ भरलेली, उडी मारायला जागाच नाही, म्हणून ते जन्माचं पांढरं. एवढंच तर सांगायचं होतं. पाच मिनिटं लागली असती.

सत्यभामा मार्चमध्ये काविळीनं पडली, म्हणून एकोणऐंशीच्या ऑक्टोबरात परीक्षेला बसली. तिच्या वडिलांनी, टेकचंदांनी, स्पष्ट सांगून ठेवलं होतं. या खेपेला पास झाली तर नागपूरला बी.एस्सी.ला पाठवतो, नाही तर करडी गावच्या पाहुण्यांना लग्नाचा होकार. हे तिनं मैत्रिणीला माझ्या कपाटाला टेकूनच सांगितलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्या पावसाळ्यात ओल धरून आमची ढेकळं झाली होती. प्रयोगशाळेतल्या शिपायानं, चिंधूनं, मला आणि जस्ताला दोन वाट्यांत काढून तापत्या वाळूवर ठेवलं आणि चहाला गेला. चहा किती वेळ प्यावा माणसानं! परत आला तोवर मी जस्तासारखाच पांढरा झालो होतो. त्यानं मला जस्ताच्या बाटलीत ओतलं आणि खऱ्या जस्ताला तुरटीच्या. निळा कुठं गेला म्हणून थोडं शोधलं, मग नवा मागवू म्हणाला. मग परीक्षेसाठी माझ्याच पुड्या बांधून त्यांवर जस्ताचा नंबर टाकला.

त्यातली एक पुडी मार्चमध्ये नापास झालेल्या इश्वरला मिळाली, एक सत्यभामेला. इश्वरनं पांढरी भुकटी बघितली, झिंक लिहिलं आणि नखं खात बसला. सत्यभामेनं मला पाण्यात टाकलं. मी निळा झालो. तिनं अमोनिया घातला, मी शाईसारखा गडद झालो. ती हसली आणि तिनं कॉपर लिहिलं. पूर्ण हॉलमध्ये मला खरोखर तपासणारी ती एकटी.

तोंडी परीक्षेला केशवरावांनी तिचं उत्तर बघून कपाळाला आठ्या घातल्या. तांब्याचा क्षार कधी पांढरा असतो का, असं म्हणून नागपूरहून आलेल्या परीक्षकांकडे बघून हसले. परीक्षकही हसले.

"सर, पाणी टाकलं तं निळा झाला जी," ती म्हणाली. "तुमच्यासमोर करून दाखवतो."

"परीक्षानळी धुतली नसशील," केशवराव म्हणाले. "आधीच्या पोराचं तांबं राहिलं असेल."

"धुतली होती, सर. एक थेंब टाकून पाहा ना."

एक थेंब! टेबलावर पाण्याचा चंबू भरलेला होता. पण परीक्षकांना नागपूरची गाडी धरायची होती आणि केशवरावांना चिठ्ठीवर श्रद्धा होती. इश्वर पास झाला. ती प्रात्यक्षिकात नापास झाली.

चिंधूची बहीण करडीला दिलेली. उन्हाळ्यात त्यानंच बातमी आणली, की आसगावची ती पोरगी तिथं सून म्हणून आली.

पुढच्या पावसाळ्यात हवेतली ओल पिऊन मी बाटलीतल्या बाटलीत पुन्हा निळा झालो. केशवरावांनी मला खाली काढलं. चिठ्ठी बघितली, मला बघितलं. माणूस अडाणी नव्हता, त्यांच्या सगळं ध्यानात आलं.

"चिठ्ठी बदलवू काय जी?" चिंधूनं विचारलं.

"राहू दे," सर म्हणाले. "बदलली तर कोणीतरी विचारेल, कधीपासून चुकली होती."

आणि मला कपाटाच्या मागच्या बाजूला सरकवलं.

सर आता निवृत्त झाले, सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं. पोरं अजून येतात. मागच्या रांगेतून निळाशार मी दिसतो, पण चिठ्ठीवर झिंक वाचून वहीत लिहितात, 'रंग पांढरा'. लिहा बाबांनो, पास व्हाल.

तुमच्यापैकी कोणी करडीकडे गेलं तर एवढं काम करा. आसगावची सत्यभामा कुठं दिली ते विचारा आणि तिला सांगा, की उत्तर बरोबर होतं. एवढं सांगायला इतक्या शिकलेल्या कॉलेजातून एक माणूस निघाला नाही, ते बाटलीतल्या भुकटीला सांगावं लागतंय.