पडद्याच्या कडेला

"हनुवटी टेक, कपाळ पुढे. आणि श्वास घे गं, फोटोच काढतायत!" मुलीने आईचं डोकं मागून अलगद पुढे ढकललं. डोळे तपासायच्या मशीनच्या बाबतीत ती घरातली जुनी खेळाडू होती.

"तू गप्प बस. मला लांबचं, जवळचं सगळं स्वच्छ दिसतं. उगाच आपलं..."

"डोळा मोठा उघडा," डॉक्टर म्हणाल्या, आणि लख्खकन उजेड पडला.

मामाने फेकलेला बॉल लागून मुलीचा डावा डोळा गेला, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. तेव्हा ती चार वर्षांची होती. आईने आपल्या धाकट्या भावाशी बोलणं टाकलं, त्याला अकरा वर्षं झाली. पण गेल्या महिन्यात उजव्या डोळ्यातही तशाच खुणा दिसल्या, आणि उजव्याला कधी काहीच लागलं नव्हतं. म्हणून डॉक्टरांनी आईबाबांनाही तपासायचं ठरवलं. बाबा काल तपासणीतून निर्दोष सुटले होते. तेव्हापासून ते वर्गात पहिले आल्यासारखे हिंडत होते.

डॉक्टरांनी स्क्रीन वळवली. आईच्या हातात टोचलेला रंग डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्यांमधून चमकत होता. मात्र कड यायच्या बऱ्याच आधी त्या सगळ्या एका रेषेत थांबल्या होत्या. पुढे नुसता काळोख.

"फार थोड्या घरांत असतो हा आजार. जन्मापासून. तुमच्याकडून तिच्याकडे आलाय. तुमचा सौम्य आहे, म्हणून कधी कळलं नाही. तिच्या उजव्या डोळ्याला लेझर करू. वेळेवर सापडलंय."

"आणि तो बॉल?" आईने विचारलं.

"तिच्या डाव्या डोळ्याचे तेव्हाचे फोटो मी परत पाहिले. पडदा आधीपासूनच ओढला गेला होता. बॉल लागला म्हणून तुम्ही तिला दाखवायला आणलंत, एवढंच." डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "तुम्हाला भावंडं आहेत?"

"एक भाऊ." आई मांडीवरची पर्स उगाच उघडमीट करत राहिली. "त्याला मुलगी झालीय म्हणे. आठ महिन्यांची असेल."

"दोघांनाही आणा. बाळाला तर याच आठवड्यात. इतक्या लवकर कळलं, तर खूप काही वाचवता येतं."

बाहेर बाकावर बसून आईने फोन नाकाशी नेला, मग हात लांब करून पाहिला. डोळ्यांत घातलेल्या थेंबांमुळे तिला अक्षरच लागेना. मुलीच्या अगदी ओठांवर आलेला टोमणा तिने गिळला आणि फोन स्वतःकडे घेतला.

"मामाचा नंबर सेव्ह आहे?"

"नाही."

मग डोळे मिटून आईने सगळे आकडे सांगितले, कुठेही न अडखळता. मुलीची बोटंच मागे पडली.

एकच रिंग वाजली.

"ताई?"

मुलीने तिचा हात घट्ट धरला.

"बाळाला घेऊन ये," आई म्हणाली. "तूही ये. उद्याच."



"कुठे?" मामाने हळूच विचारलं. "घरी?"

"आधी दवाखान्यात," आई म्हणाली. "मग घरी."