माळ्यावरचा पेजेचा टोप

जरा वर बघा, माळ्यावर. लोणच्याच्या रिकाम्या बरणीमागे, जुन्या साडीत गुंडाळून उपडा घातलेला टोप दिसतोय ना, तो मी बोलतोय. आवाज दबका येईल, कारण तोंड फळीला टेकलंय.

मी साधा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, टोप. सावंतवाडीच्या बाजारात वनमालाच्या आईने मला पारखून घेतलं आणि लेकीच्या लग्नात दिलं. अंगावर वनमालाचं नाव ठोकलेलं आहे, त्याचा मला भारी तोरा होता. मग आलो मुंबईला, घाटकोपरच्या असल्फ्याच्या चढावर, दहा बाय बाराच्या खोलीत. तिचा नवरा गुणाजी कामाला होता ती गिरणी आमच्या येण्याआधीच बंद पडली होती. तो कुर्ल्याला वॉचमनची नोकरी करायचा, आणि सकाळी डबा घेऊन निघण्याआधी माझ्यातली उकड्या तांदळाची पेज जेवायचा.

पेज आम्ही पीत नाही, जेवतो. तापात पेज, पोट बिघडलं की पेज, बाळंतिणीला पेज. लेकाच्या, निलेशच्या जन्मानंतर सव्वा महिना मी चुलीवरून उतरलो नव्हतो. पाणी कुणी मोजत नसे. माझ्या आत वापरून वापरून एक रेघ पडलीय, तिथपर्यंत ओतायचं की झालं.

दोन वर्षांपूर्वी गुणाजीच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर जायचं, मीठ बंद, आणि पाणी दिवसाला पाऊण लिटर. वनमाला शिकलेली नाही, पण शब्दाची पक्की. सकाळी एक बाटली भरून त्याच्या उशाशी ठेवायची. ती संपली की संपली. लोणची गेली, सुका बांगडा गेला, पापड गेले. नवऱ्याच्या तोंडाची चव गेली म्हणून बिचारी कळवळायची आणि दोन्ही वेळेला माझ्यातली बिनमिठाची पेज वाढायची. तेवढीच अंगाला लागेल, म्हणायची.

आणि गुणाजी फुगत चालला. पायावर अंगठा दाबला की खड्डा पडायचा. आडवा झाला की धाप लागायची, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा. डायलिसिस सेंटरात मशीन लावणारी अस्मिता वजन घेताना ओरडायची. ते मी ऐकलेलं नाही, पण वनमाला घरी येऊन भांडी घासताना तिची नक्कल करायची. "काका, दोन दिवसांत तीन किलो आठशे! किती पाणी खेचू मी? परत पायात गोळे येतील. काकी, लक्ष ठेवा ना, हे नक्की चोरून पितात!"

झालं, चोर सोडून संन्याशाला फाशी. वनमालाने माठ शेजारच्या शकूला देऊन टाकला. फ्रिजला कुलूप घातलं, किल्ली मंगळसूत्रात ओवली. गुणाजी आंघोळीला गेला की ही मोरीच्या दाराशी उभी, आणि दार उघडं ठेवायला लावायची. सदुसष्ट वर्षांचा माणूस, बायकोकडे पाठ करून तांब्या अंगावर ओतायचा.

मी ओट्यावरून सगळं बघत होतो. मला ठाऊक होतं हो! पाणी माठातून जात नव्हतं, मोरीतून जात नव्हतं. ते माझ्यातून जात होतं. मला ओरडायचं होतं, आणि ओरडून ओरडून मी काय केलं? तर खदखदलो. वनमालाला वाटलं, पेज उतू जातेय. तिने गॅस बारीक केला.

एका मंगळवारी दोघांचं वाजलं.

"तुमका कितीदा सांगलंय, जीव जायत तुमचो!" वनमाला रडत होती. "खय पितात ता तरी सांगा!"

"देवाशपत, एक घोट जास्ती पिऊक नाय!" गुणाजीला बोलतानाही दम लागत होता. "माका चोर म्हणतंस? मग तुझी पेजपण नको माका."

त्याने ताट सरकवलं. बुधवारी दिवसभर कोरडी भाकरी आणि अंड्याची पोळी खाल्ली, पेजेकडे ढुंकून बघितलं नाही. मी तसाच गार पडलो.

गुरुवारी वजन वाढलेलं निघालं फक्त एक किलो आठशे. अस्मिताने म्हणे टाळी वाजवली. "झकास, काका! काय सोडलंत?"

वनमाला घरी आली ती चपला काढायची विसरली. गुणाजी खाटेवर टेकला. तिने त्याची बाटली नळाखाली भरली आणि माझ्यात ओतली. पाणी रेघेपर्यंत आलं नाही. दुसरी भरून ओतली, तेव्हा रेघेला पाणी लागलं. ती कितीतरी वेळ त्या पाण्याकडे बघत राहिली, मग खाली फरशीवर बसली.

"मीच पाजी होतंय तुमका," ती म्हणाली.

गुणाजीला आधी समजेना. "पेज ती. ता काय पाणी?"

"पाणीच ओ. एका हातान मोजी होतंय, दुसऱ्या हातान पाजी होतंय."

मला वाटलं, आता हा चिडेल. चिडायचा हक्क होता त्याला. पण गुणाजी हळूच म्हणाला, "मग आता मोरीचो दरवाजो लावूक देतलंस मा?"

वनमाला तोंडात पदर कोंबून रडली. त्याच संध्याकाळी फ्रिजचं कुलूप निघालं आणि मी माळ्यावर आलो.

इथे उकडतं, पत्रा तापतो. साडीच्या आत हवा नाही. झुरळं अंगावरून फिरतात, हलायची सोय नाही. खाली कुकरची शिट्टी झाली की कळतं, त्याच्यासाठी मोकळा भात आहे आज. वनमालानेही पेज सोडली. तो समोर असताना तिच्या घशाखाली उतरत नाही. कधी कधी तो मान वर करून माझ्याकडे बघतो. नुसती वाटीभर, म्हणतो, पेजेवरची पातळ निवळ तरी. मी अजून त्याचा लाडका आहे, आणि ह्याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

पण परवापासून तो आडवा झोपतोय, उशी घेऊन, कुशीवर.

म्हणून सांगतो, वनमाला, आईची आठवण आली म्हणून मला काढू नकोस. तो हात जोडेल, लहान पोरासारखा रुसेल, तरी काढू नकोस.