एबोनं केलेली दुरुस्ती

चुलत्याचं मयत उरकून कोर्कोई तीन दिवसांनी आडा गावाहून परतली, ती ट्रोट्रोच्या खचाखच गाडीतून उतरून थेट भिंतीकडेच गेली. मासे धुरावर वाळवायच्या भट्ट्यांमागची ही लांबलचक भिंत. जेम्सटाउन वस्तीतल्या चाळीस बायकांनी घरातल्या फुटक्या बशांचे तुकडे चिकटवून तिच्यावर चित्रं केली होती. कल्पना कोर्कोई आणि एबोची. आठ वर्षं दोघं असलीच कामं जोडीनं करत होती. आपण फक्त दाखवायचं, हात लोकांचेच चालायचे, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं.

म्हातारी तोर्शी मावशी भिंतीला नाक लावून उभी होती.

"पोरी, माझा मासा कुठाय गं? निळ्या काठाच्या बशीचा?"

मासा होता, पण खवला न् खवला रेखीव, दुकानातल्या चकचकीत फरशीचा. मावशीनं केलेला मासा चपलेसारखा दिसायचा. सगळ्या हसल्या होत्या, मावशीही हसली होती.

एबो शिडीवर होता.

"काय केलंस हे?"

"थोडी दुरुस्ती. शनिवारी भिंत बघायला पाहुणे येतायत, कोर्कोई. तुकडे गळायला लागले होते."

"मग तेच परत चिकटवायचे! तू मासाच बदललास!"

"तो मासा होता?"

कोर्कोईची कानशिलं तापली. "तुकडे कुठायत?"

"कचऱ्याच्या गाडीत गेले."

"तिच्या मेलेल्या बहिणीची बशी होती ती. तुझ्यासमोर सांगितलं तिनं. केंके खात मान डोलवत होतास!"

"लोक भिंत बघणार, बशी नाही. खाली पाटीवर नाव आपलं लागणार आहे."

भट्टीवरून आमोर्कोर ओरडली, "अगं, राहू दे की! माझी होडी आता होडी दिसतेय. आधी पपई होती!"

बायका हसल्या. कोर्कोईला ते जास्त झोंबलं. तिनं छिन्नी उचलली आणि विचारलं, "मावशी, ठेवायचा का हा?"

"त्याचा मासा त्याच्या घरी लावू दे," मावशी म्हणाली.

"वेडी झालीस? दोन दिवस घातलेत मी!" एबो आडवा आला. त्याला कोपरानं सारून तिनं मासा फोडून काढला.

"दुसरी बशी आणतेस, मावशी?"

"तिची तेवढी एकच होती."

जागा उघडीच राहिली.

शनिवारी पाहुणे आले. कुणीतरी त्या उघड्या सिमेंटकडे बोट दाखवलं. एबो घसा खाकरून म्हणाला, "ही जागा आम्ही मुद्दाम मोकळी सोडलीय. गेलेल्या माणसांसाठी."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"खोटं बोलतोय!" कोर्कोई मागून कडाडली. "यानं म्हातारीचं काम खरवडून कचऱ्यात टाकलंय. विचारा तिला, ही काय उभी आहे!"

कुणी विचारलं नाही. एका बाईनं घड्याळ पाहिलं. एबो म्हणाला, "सहकारी जरा दमल्यात," आणि सगळ्यांना पुढं होडीकडे घेऊन गेला.

सगळ्यांसमोर कोर्कोईनं पाटीवरचं आपलं नाव छिन्नीनं खरवडून काढलं. छिन्नी घसरून एबोच्या नावावरही दोन ओरखडे गेले, ते तिनं तसेच ठेवले.

त्यानंतर तिनं त्याच्याबरोबर काम केलं नाही. त्याला त्या भिंतीच्या जोरावर आणखी दोन शहरांतली कामं मिळाली. तिचा राग काही उतरला नाही, आणि उतरावा असं तिला वाटतही नाही.