दुप्पट लिहा

मी सलाईनचा स्टँड बोलतोय. तसा मी अबोल. पण लोकांच्या उशाशी उभं राहून जे ऐकलं, ते आता पोटात राहत नाही.

वारज्याच्या एका वर्कशॉपमध्ये मी तयार झालो. पाच चाकं, त्यातलं एक पहिल्या दिवसापासून अडतं. तिथून आलो कोथरूडच्या एका हॉस्पिटलात, पुरुषांच्या वॉर्डात.

तिथे आमोद नावाचा शिकाऊ डॉक्टर पेशंटची माहिती लिहून घ्यायचा. दारू किती घेता, असं विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच: कधीतरी. रंगकाम करणारे पोपटराव लिव्हर सुजून पडले होते, तेही म्हणाले, कधीतरी, एखादी क्वार्टर. आमोदनं त्यांच्यासमोरच ज्युनिअर वल्लरीला शिकवलं, "पेशंट सांगतो त्याच्या दुप्पट लिहायचं." पोपटरावांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. लाज मला वाटली.

मग आमोद आणि त्याच्यासोबत राहणारा शिकाऊ डॉक्टर बुद्धभूषण, या विद्वानांनी मला कर्वेनगरच्या आपल्या फ्लॅटवर नेलं. कशाला? तर शनिवारी चढायची आणि रविवारी सकाळी एकमेकांना सलाईन चढवायची. एरवी माझ्यावर ओले मोजे. इतकी जाड पुस्तकं वाचून यांना एवढंच कळलं होतं, की लिव्हर पेशंटला असतं.

"डोस आम्हाला कळतो," हे आमोदचं आवडतं वाक्य. एका रविवारी त्यानं सलाईनमध्ये वॉर्डातून उचललेलं झोपेचं इंजेक्शनही सोडलं. बुद्धभूषण पोहे घेऊन परत आला, तेव्हा आमोदचे ओठ निळे पडले होते. बुद्धभूषणनं सलाईन बंद केली, तोंडानं श्वास दिला आणि त्याला रिक्षात घातलं. मलाही.

आयसीयूत जागा नव्हती. पुन्हा तोच वॉर्ड, शेजारी पुन्हा दाखल झालेले पोपटराव. वल्लरी परत परत विचारत होती, सर, काय घेतलंय, किती? ते कळल्याशिवाय पुढचं औषध ठरत नव्हतं. आमोदनं कसेबसे डोळे उघडले. त्याला जिवापेक्षा डिग्रीची काळजी.

"कधीतरी. एखादा पेग. बाकी काही नाही."

वल्लरीचं पेन थांबलं. मला इतका संताप आला, की हात असते तर मी त्याला गदागदा हलवलं असतं.

पोपटराव कूस वळवून हळूच म्हणाले, "डॉक्टर, खरं सांगा. इथं दुप्पट लिहितात."

आमोद रडला. मग त्यानं इंजेक्शनचं नाव सांगितलं, आकडा सांगितला. वल्लरीनं तो होता तेवढाच लिहिला.

आमोद वाचला. मी इथेच आहे, चाक अजून अडतं. होणाऱ्या डॉक्टरांनो, मला घरी नेऊ नका. आणि माझ्याखाली झोपायची वेळ आलीच, तर ‘कधीतरी’ म्हणू नका.