एक चूल, एक मेल

शेंद्र्याच्या एका कंपनीत सुकेशनीला नोकरी लागली. असं काही झालेलंच नाही असं धरून मुकुंदवाडीतल्या त्या घरात चौघंजण सकाळचा चहा पीत होते. तिघांना ते खरंच ठाऊक नव्हतं. चौथी खुद्द सुकेशनी. तिलाही ते कळायला अजून अर्धा कप चहा बाकी होता.

बैठकीत कॉम्प्युटर होता आणि घराला मिळून एकच ईमेल होता, सासऱ्यांच्या नावाचा. सोनाजीआबा पशुसंवर्धन खात्यातून लिपिक म्हणून निवृत्त झालेले. आंघोळ करून, कपाळाला भंडारा लावून ते मेल उघडत आणि घरातल्या सगळ्यांची आवक मोठ्यानं वाचत. उत्तर देणं तर ते कर्तव्यच मानत. एकदा कुठल्याशा गादीवाल्यांनी 'आपले मत कळवा' म्हटलं, तर आबांनी पाठीच्या दुखण्यासकट मत कळवलं होतं.

लग्नानंतर सुकेशनीनं एकदा वेगळा मेल काढायचा विषय काढला होता. भाकरी थापणारा सासूचा हात थांबला.

"आज मेल येगळा, उद्या चूल येगळी," बानाबाई म्हणाल्या. "लोकं म्हणतील, सोनाजीचं घर फुटलं."

"जाऊ दे ना सुके," तिचा नवरा अंगद म्हणाला, "तुझं असं काय गुपित हाय?"

काहीच नव्हतं. त्याचंच तिला वाईट वाटलं.

मग तिनं एक गुपित केलं. साडीला फॉल लावून आणते म्हणून गुलमंडीला निघाली आणि शेंद्र्याला मुलाखत देऊन आली. फॉल राहून गेला. अर्ज मात्र घरच्याच मेलवरून धाडलेला. दुसरा चोरून काढायची हिंमत झाली नाही. चूल काय चोरून मांडता येते?

"काल वाचून दावायचा राहिला, लई भारी मेल आलता," आबा बशीत चहा ओतत म्हणाले. "एका कंपनीनं मला नोकरी दिली. हिशोब बघायची."

"तुम्हाला?" अंगद हसला.

"व्हय. 'डियर सोनाजी' म्हणून साफ लिवलंय. सोमवारी हजर व्हा म्हणे."

"फसवाफसवी असंल, आबा."

"म्हणून काय उत्तर द्यायचं नाय? लिवलं मी. वयोमानामुळं जमणार नाही, जागा एखाद्या गरजूला द्यावी. लगेच उलट उत्तर आलं, आपल्या निर्णयाचा आदर आहे. लई सभ्य माणसं."

सुकेशनीनं चहात बुडवलेलं बिस्कीट चहातच राहिलं.

"आबा, ती नोकरी माझी होती."

"तुझी कशी?" बानाबाई म्हणाल्या. "मेल तर ह्यांच्या नावानं आला."

मुद्दा बिनतोड होता.

"पण खाली माझा अर्ज जोडला होता ना? माझं नाव नाय दिसलं?"

"दिसलं की," आबा हळूच म्हणाले. "मला वाटलं, साक्षीदार म्हणून घातलं असंल."

तिनं अंगदच्या मोबाईलवरून कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. नकार त्याच मेलवरून आला म्हणजे तो तुमचाच धरला, मॅडम. जागा भरली. एका गरजूला दिली.

"चुकलं पोरी," आबा म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. दुसरा चहासुद्धा त्यांनी मागितला नाही. "पण येगळ्या मेलचं असं तोंडी नको. रीतसर अर्ज कर. विचार करू."

सबंध नोकरीत आबांनी एकही अर्ज फेटाळला नव्हता. मंजूरही केला नव्हता. त्यांच्याकडचे सगळे अर्ज विचाराधीन असत.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर सुकेशनी कॉम्प्युटरपुढं बसली. पाठवणाऱ्याच्या जागी आबांचं नाव होतं. ज्याला पाठवायचं त्या जागीही तिनं तेच घातलं आणि लिहिलं:

'मा. कुटुंबप्रमुख यांस,

महोदय, वेगळ्या मेलची मागणी अर्जदार मागे घेत आहे. तरी सदर खात्यातच राहून, अर्जदारास आयुष्यात निदान एक पत्र असे यावे, जे तिच्याआधी कोणी वाचलेले नसेल, एवढी परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.'