शून्य वॅटचं भजन

कुणी खरं मानणार नाही, आणि न मानलेलंच बरं. पण लातुरात एका शनिवारी भर दुपारी गाण्याची एक पेटी विजेचा एक थेंबही न पिता सव्वा तास गात होती. पेटी रेणुकादासांची. गल्ली त्यांना दासकाका म्हणायची.

दासकाकांचं हयातभर रेडिओ दुरुस्तीचं दुकान. टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून ते औसा, निलंगा, किल्लारीकडच्या गावांतून भजनं भरून आणायचे. मुख्य गळा बसवंतबुवांचा, मागं धृपद धरायला स्वतः काका. पुढं भूकंप झाला. गावं उठून दुसऱ्या जागी वसली, काही वर्षांनी बुवाही गेले. आवाज तेवढे काकांच्या कपाटात राहिले. कॅसेटींना बुरशी यायला लागली तेव्हा काकांनी सगळं भांडार एका जुन्या कॉम्प्युटरात उतरवलं. तो माजघरात पडद्यामागं चोवीस तास चालू, आणि त्याची तार ओसरीवरच्या मोठ्या कर्ण्यात. बंद केला तर पुन्हा उठेल याचा काकांना भरवसा नव्हता. वरच्या पोरी त्याला सर्व्हर म्हणायच्या. काका पेटी म्हणायचे. इंदूकाकू सवत म्हणायच्या.

वरच्या पोरी म्हणजे मेडिकलच्या तयारीला आलेल्या चौघी भाडेकरू. त्या वर्षांत लातुरात गल्ली तिथं क्लास होता आणि जिना तिथं पोरं नाहीतर पोरी.

काकांना खोड एकच. कुणी राम राम घातला की घेतल्याशिवाय त्यांना पुढचा श्वास येत नसे. भूकंपाच्या पहाटे सगळी गल्ली जीव मुठीत धरून धावत असताना समोरून कुणी सवयीनं ‘राम राम’ म्हणालं, तर हे गडी थांबले आणि म्हणाले, “राम राम! घरी समदे बरे हायत का?” काकूंनी सदऱ्याला धरून ओढलं म्हणून हलले.

तर ही सवत लई खायची. तिच्या मॉनिटरच्या पाठीवर काकू सांडगे वाळवायच्या. आत पंखे असे की त्यांच्या वाऱ्यानं शेजाऱ्याची सायकल स्टँडवर उभ्या उभ्या चार कोस जाऊन यायची, असं काका सांगत. एरवी काही बिघडत नव्हतं. पण लोडशेडिंगला सगळा भार इन्व्हर्टरवर, आणि बॅटरी म्हातारी. लाइट गेली की दोन तासांत ती मान टाकायची आणि वरचे पंखे थांबायचे.

एका रविवारी त्या चौघींतल्या पुनमचे वडील भुजंगराव हिमायतनगरहून एसटीनं आले. शेतकरी माणूस, बोलणं सरळ रेघेतलं.

“काका, पोरगी घामानं निथळत अभ्यास करून राहिली. येत्या शनिवारी अकरा ते दोन तिला घड्याळ लावून इथंच सराव पेपर सोडवायचाय. दहाला लाइट जाती म्हणे. पंखा दोनपर्यंत फिरला तर ती इथं ऱ्हाईल. न्हाई तर मी तिला दुसरीकडं ठिवतो.”

“ती गेली की मागं तिघी जातील,” इंदूकाकू म्हणाल्या. “पंखा थांबला तर सोमवारी सवत भंगारात. सांगून ठिवते.”

“त्यात काय, त्या दिशी पेटी बंद ठिवा,” भुजंगराव म्हणाले.

शहाण्या माणसानं इथं मान डोलवली असती. पण काकांची जीभ काकांच्या पुढं चार पावलं चालायची. “बंद? अहो, गाणं बी चालंल आन् पंखा बी फिरंल! गाणं थांबलं तर मीच पेटी उचलून भंगारवाल्याच्या गाड्यावर ठिवतो.”

“मी ऐकलं हां,” काकू म्हणाल्या. “पुनम, तू बी ऐकलंस.”

भुजंगराव गेले आणि आपण काय बोललो ते काकांना उमगलं. बसवंतबुवा आणि भंगार! त्यांनी पुनमला हाक मारली. पोरगी फिजिक्समध्ये पक्की.

“काका, आधी मोजू,” ती म्हणाली. तिनं घरातलं सगळं बंद करायला लावलं, फ्रिजसकट. नुसती पेटी चालू. मग दाराशी मीटरसमोर उभी राहिली. नव्या मीटरचा लाल दिवा वीज खर्च होईल तसा लुकलुकतो. काका हातात घड्याळ धरून, पुनम मोजत होती.

“मिनिटाला नऊ वेळा.”

“म्हंजी?”

“म्हंजी एकटी सवत दोन पंख्यांचं खाती.”

“बघा!” काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

पहिल्यांदा मॉनिटर गेला. गाणं कानानं ऐकायचं, त्याला तोंड कशाला? काकूंचे सांडगे गच्चीवर गेले आणि लुकलुक पाचावर आली. मग पुनमनं आतलं चित्रांचं जाडजूड कार्ड उपटलं, यंत्राचा वेग निम्म्यावर आणला. काकांनी ओसरीवरचा कर्णा काढून जुन्या ट्रान्झिस्टरचा चिमुकला स्पीकर बसवला. तीन.

“आता हार्ड डिस्कची तबकडी,” पुनम म्हणाली. “एकेका गाण्यासाठी ती दिवसभर गरगर फिरती.”

काकांनी डोकं खाजवलं. “आमच्या आईचं कसं होतं, सकाळी एकदाच कोठीतून परातभर जिन्नस काढायची आन् कोठीला कुलूप. सारखं आतबाहेर करायची न्हाई. तसं व्हईल का?”

“व्हईल की! दोन तासांची गाणी एकदम मेमरीत घ्यायची आणि तबकडीला झोपवायचं.”

शुक्रवारी दिवा मिनिटाला दोनदाच लुकलुकला. काका मीटरसमोर पाटावर बसून मोजत राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले, “आता ही पेटी इतकं कमी खाती, की एकादशीला उलट आपल्यालाच वीज देती.”

शनिवारी बरोबर दहाला लाइट गेली. भुजंगराव सकाळच्या गाडीनं येऊन ओसरीवर बसले होते. वर पंखा फिरत होता, पुनमचा पेपर चालू होता, आणि चिमुकल्या स्पीकरातून बसवंतबुवा गात होते. भुजंगरावांनी अर्धा तास मान डोलवली. मग “जरा गोलाईच्या बाजारात जाऊन येतो, बियाणाचं बघायचंय,” म्हणून उठले.

साडेबारा वाजून पाच मिनिटं झाली आणि इन्व्हर्टर पिंक पिंक करायला लागला. म्हातारी बॅटरी! वर पंख्याचा सूर किंचित खाली आला.  पंखा थांबला तर पेटी भंगारात. पेटी थांबवली तर गाणं बंद, म्हणजे पुन्हा पेटी भंगारात, आणि तीही आपल्याच हातानं.

काकांनी पडद्याआड जाऊन पेटीचं बटण दाबलं. पिंक पिंक थांबली. पंखा सावरला. आणि पुरतं एक कडवं जायच्या आत माजघरातून भजन पुन्हा सुरू झालं. तोच ठेका, तोच खर्ज, तीच बुवांची शेवटचं अक्षर लांबवायची तऱ्हा. तीस वर्षं मागं धृपद धरलेला गळा. आज पहिल्यांदा पुढं बसला होता. ताल धरायला मांडी, झांजेला दोन वाट्या. वॅट शून्य.

एक भजन झालं, दुसरं झालं. पाचव्याला घसा कोरडा पडला. तेवढ्यात पडद्याखालून पाण्याचा तांब्या आत सरकला. सरकवणारं कोण ते दिसलं नाही, बांगड्या मात्र ओळखीच्या वाजल्या. काकांनी दोन कडव्यांच्या मधे घोट घेतला आणि दुप्पट जोरानं सूर लावला. आता तर त्यांना रंगच चढला होता. डोळे मिटलेले. निलंग्याकडचं देऊळ, समोर कंदील, शेजारी बुवा. पेटी, पंखा, भंगार, सगळं विसरून ते गात होते.

दोनाला दहा कमी असताना भुजंगराव बियाणाची पिशवी घेऊन परतले. ओसरीवर पाय ठेवताच त्यांनी वर पाहिलं. खिडकीतून पंखा दिसत होता, गरगरता. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि मोकळ्या गळ्यानं म्हणाले, “राम राम, काका!”

आतून भजन ऐन चढावर होतं.

“देव आला गं दारीऽ, पाय धुवाया पाणीऽ… राम राम! या, बसा! …पाय धुवाया पाणीऽ…”

वाट्या थांबल्या. गळाही थांबला. स्वयंपाकघरात काकूंनी तोंडाला पदर लावला.

भुजंगरावांनी त्या चिमुकल्या स्पीकराला कान लावला, मग पडद्याकडं पाहिलं, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, “काकू, पंखा फिरून राहिला, पोरगी हितंच ऱ्हाईल, त्याचं काय न्हाई. पण ही पेटी राम राम कवापासून घ्यायला लागली?”